लाडवावरची मनुका

कुत्र्यांशी प्रतापचं कधी जमलंच नाही. कॉलेजात असताना कोथरूडच्या एका वळणावर चार कुत्री रोज त्याच्या लूनामागे धावायची आणि हा पाय वर घेऊन, रामरक्षेतलं आठवेल ते म्हणत, ते वळण पार करायचा. पुढे जर्मनीत इंगोलश्टाटला आला, गाड्यांच्या ब्रेकची तपासणी करता करता केस पिकले, तरी समोरून कुत्रं आलं की हा गृहस्थ अजून फुटपाथ बदलायचा. असल्या माणसाला एका शनिवारी सकाळी टीअरहाइमच्या, म्हणजे बेवारस कुत्र्या-मांजरांना सांभाळतात त्या जागेच्या, अंगणात बाकावर आणून बसवलं होतं. आणि बसवणारी कोण, तर त्याची सख्खी मुलगी.

इरा सोळा वर्षांची. तिथल्या मराठी मंडळातल्या पोरांना गणपतीत नाच बसवायचा आणि दिवाळीत फराळाची ताटं फिरवायची, एवढ्याचसाठी धरून आणतात, असा तिचा राग होता. म्हणून तिने काकू-मावश्यांकडून जुन्या सुती साड्या गोळा केल्या, पोरापोरींच्या हातात सुईदोरा दिला आणि टीअरहाइममधल्या कुत्र्यांसाठी चक्क गोधड्या शिवायला घेतल्या. पहिल्या गोधडीचे टाके बघून तिच्या आईने, चारुलताने, कपाळाला हात लावला होता. पण पोरं चिवट निघाली. हळूहळू टाके सरळ पडायला लागले, आणि गोधड्यांवर कुत्री अशी पसरायला लागली की टीअरहाइमवाल्यांनी आणखी मागितल्या.

इराला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. दर शनिवारी पोरांनी जायचं, कुत्र्यांना फिरवायचं, पिंजरे धुवायचे, असं तिच्या मनात होतं. तिथल्या प्रमुख लिंडनरबाईंनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. शाळकरी पोरांचा घोळका म्हणजे डोक्याला ताप, हा त्यांचा अनुभव. इरा सायकल मारत पुन्हा पुन्हा तिथे जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, एक शनिवार बघू. बरोबर दोन मोठी माणसं हवीत. आणि कुणीही, कुठल्याही कुत्र्याला, स्वतःच्या हातचं काही खायला घालायचं नाही. हे मोडलं की त्याच दिवशी सगळं बंद.

मोठ्या माणसांपैकी एक, गोधड्या शिवणाऱ्या पोरांतल्या ओजसची आई होती. दुसऱ्या गृहस्थांची ऐन वेळी कंबर धरली आणि प्रतापची वर्णी लागली. गाडीत इराने त्याला सगळे नियम पुन्हा ऐकवले, अर्थातच जर्मनमधून. घरात आईबाप मराठीत बोलायचे, ही जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि त्यात आता कुणाला काही वाटेनासं झालं होतं. प्रताप जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, बरोबर, करत होता आणि त्याचं सगळं लक्ष समोरच्या ट्रकच्या ब्रेकलाइटकडे होतं.

पोरं कुत्र्यांना घेऊन नदीच्या बाजूला गेली. अंगणात उरले दोघं, प्रताप आणि ओटो. ओटो म्हातारा, आखूड पायांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, हृदयाच्या गोळ्यांवर चाललेला. लांब चालणं त्याला झेपायचं नाही. दोन वर्षं त्याला कुणी नेलं नव्हतं, आणि आता कुठे जवळच्या गावातल्या एका एकट्या आजोबांनी त्याला पसंत केलं होतं. सोमवारी ते त्याला घरी न्यायला येणार होते. ओटो ज्या गोधडीवर पडला होता तिचा हिरवा काठ प्रतापने ओळखला. चारुलताची साडी होती ती, मंगळागौरीला घेतलेली.

बराच वेळ दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष केलं. मग प्रतापला भूक लागली आणि त्याने डबा उघडला. चारुलताने दोन रवा लाडू दिले होते. ओटोने मान उचलली.

आता इथे प्रतापची एक अडचण सांगायला हवी. समोर कुणी बघत असताना एकट्याने खायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. बघणाऱ्याचा जीव घासात अडकतो, मग तो घास अंगी लागत नाही, असं त्याची आई म्हणायची. इतकी वर्षं जर्मनीत काढली, पण हे काही सुटलं नाही. ऑफिसात शेजारचा योखेन नुसतं घड्याळ बघायला मान वर करायचा, तरी प्रताप त्याच्यापुढे डबा धरायचा. बिचारा योखेन आता चकल्यांबद्दल मतं बाळगून होता.

पहिला लाडू त्याने पाठ फिरवून खाल्ला. तर ओटो कण्हत उठला, बाकाला वळसा घालून आला आणि पुन्हा समोर येऊन बसला. भुंकला नाही, काही नाही, नुसता एका डोळ्याने बघत राहिला. प्रतापने इकडेतिकडे पाहिलं. अर्धा लाडू देणं त्याच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून त्याने अख्खा दिला. ओटोने तो एका झटक्यात गिळला. प्रतापला इतकं बरं वाटलं म्हणता, की त्याने एक बोट पुढे करून ओटोच्या डोक्याला लावलंसुद्धा.

पोरं परतली ती खुशीत. लिंडनरबाई दारातून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. पुढच्या शनिवारी कुठला कुत्रा कुणाला द्यायचा, असं त्या ओजसच्या आईला विचारत होत्या. इरा लहान पोरांना गोळा करून समजावत होती, कुत्र्यांना काय चालत नाही ते. चॉकलेट नाही, कांदा नाही. आणि द्राक्षं, मनुका तर अजिबात नाही, थोड्याशानेही एखाद्या कुत्र्याची किडनी जाते, आणि कुठल्या कुत्र्याची जाईल ते आधी कळत नाही.

प्रतापने रिकामा डबा पुन्हा उघडून पाहिला. चारुलताचा रवा लाडू आणि वर दाबलेली मनुका, यात लग्न झाल्यापासून खंड पडला नव्हता.

एकच तर मनुका, त्याने स्वतःला सांगितलं. ओटो मजेत झोपलाय. बोललो तर पोरीची इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात, आणि तीही सख्ख्या बापाच्या हाताने. त्याने इराकडे पाहिलं. आनंदाने तिचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. मग त्याने ओटोकडे पाहिलं. हिरव्या काठावर नाक ठेवून तो घोरत होता. सोमवारी ते आजोबा येतील, आणि इथे त्यांना न्यायला काही उरलंच नसेल. ब्रेकमध्ये खोट दिसली की ताबडतोब सांगा, मागाहून सांगितलेलं काही कामाचं नाही, असं हा माणूस रोज दहा जणांना सुनावायचा. लाज वाटली त्याला स्वतःची. तो उठला आणि सरळ लिंडनरबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"मी ओटोला लाडू दिला," तो जर्मनमध्ये म्हणाला. "त्याच्यावर मनुका होती. अर्धा तास झाला असेल."

लिंडनरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मांजरांच्या बाजूला असलेल्या डॉक्टरांना हाक मारली आणि ओटोला गोधडीसकट उचललं. इराने बापाकडे पाहिलंही नाही. ती ओटोच्या मागे आत गेली, आणि प्रताप तिच्या मागे.

डॉक्टर म्हणाल्या, उलटी करवावी लागेल, तीही लगेच. पण त्या इंजेक्शनचा ताण या हृदयाला सोसेल याची त्यांना खात्री नव्हती. दिलं तरी धोका, नाही दिलं तरी धोका. लाडवात मनुका होत्या तरी किती? वरची एक ठीक, पण आत? प्रतापला सांगता येईना. पानात काय वाढलंय ते न बघता जेवणारा माणूस तो, चारुलता त्याला यावरून जन्मभर बोलत आलेली. डबाही रिकामा, त्यात नुसते रव्याचे कण. त्याने चारुलताला फोन लावला. ती उचलेना. शनिवारी ती पोहायला शिकायला जाते, फोन लॉकरमध्ये असतो, हे त्याला तेव्हा आठवलं. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला.

डॉक्टरांनी सुई भरली. टेबलावर ओटो थरथरत होता, आणि तेवढ्यातही प्रतापकडेच बघत होता, मगाशी बघत होता तसाच. प्रतापने हात पुढे केला आणि ओटोच्या पाठीवर ठेवला. बोट नाही, अख्खा हात. ते लहानसं अंग किती गरम असतं हे त्याला माहीतच नव्हतं. देवा, याला वाचव, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि फोन वाजला.

"काय रे, इतके मिस्ड कॉल? इरा बरी आहे ना?" चारुलता धापा टाकत होती.

"लाडवात मनुका किती होत्या?"

"मनुका? एकही नाही."

प्रतापला आधी कळलंच नाही. मनुका होती ना वर, तो म्हणाला. ती क्रॅनबेरी होती, चारुलता म्हणाली. परवा जेवताना इरा कुत्र्यांना काय चालत नाही ते सांगत होती तेव्हा ती ऐकत होती. म्हणजे प्रतापही तिथेच बसला होता, जा-जा करत.

"तू तिथे डबा उघडणार आणि कुणी समोर बसलं की त्याला देणार, हे मला माहीत नाही का?" चारुलता म्हणाली. "सवयीने मनुका दाबून जाईन, मलाच माझ्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून मनुकांची पिशवीच बाहेर काढली नाही."

प्रतापने फोन स्पीकरवर टाकून इरापुढे धरला आणि चारुलताला तेच पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टरांना जर्मनमध्ये सांगितलं ते इराने. डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं, लाडवात आणखी काय काय घातलं तेही विचारलं. चारुलता लगेच पोहण्याच्या तलावावरून जवळच्याच घरी धावत गेली आणि क्रॅनबेरीच्या पाकिटाचा फोटो पाठवला. तोपर्यंत सगळे ओटोभोवती उभे होते. फोटो बघून डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. तुपाने पोट थोडं बिघडेल, म्हणाल्या, बाकी काही नाही.

प्रताप तिथेच फरशीवर बसला. हसू आलं, डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. ओटोने टेबलावरून खाली वाकून त्याच्या रिकाम्या हाताचा वास घेतला.

लिंडनरबाईंनी त्याला उठू दिलं. मग म्हणाल्या, नियम मोडला तो मोडलाच, तुम्ही पुन्हा डबा घेऊन या अंगणात पाऊल ठेवायचं नाही. इरा मान खाली घालून ऐकत होती. इथे लोक गुपचूप काय काय चारतात, बाई पुढे म्हणाल्या, आणि आम्हाला ते कुत्रं आजारी पडल्यावर कळतं. आपण होऊन कुणी सांगायला आलेलं त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. "आल्झो, तर मग," त्या इराला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी नऊला. आणि ती हिरवी गोधडी सोमवारी ओटोबरोबर जाऊ दे."

परतताना वाटेत बेकरीपाशी इराने गाडी थांबवायला लावली, आत जाऊन एक बटर लावलेलं ब्रेत्सेल, म्हणजे तिथला पिळाचा खारा पाव, घेऊन आली आणि खिडकीकडे तोंड करून खायला लागली. प्रताप गाडी चालवत राहिला. त्याची नजर रस्त्यावरच होती, तिच्याकडे तो बघतही नव्हता.

थोड्या वेळाने त्याच्या तोंडासमोर ब्रेत्सेलचा मोठा तुकडा आला.

"घे, बाबा," इरा मराठीत म्हणाली. "नाहीतर मला अंगी लागायचं नाही."