विधानात दिलेलं नाही

पंढरीनाथ सरांच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलं होतं: "विधानात दिलंय का? नाही ना? मग धरायचं नाही." गोडदेवात पिठाच्या गिरणीला लागून एक गाळा होता. तिथे ते बँकेच्या परीक्षेची तर्कशक्ती शिकवत. वय चव्वेचाळीस, लग्न राहून गेलेलं. लालबागची खोली विकून आईला घेऊन इकडे आले, दोन वर्षांत आई गेली, आणि घरात उरले सर आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे.

शिकवायचे मात्र झकास. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सर्व मिठागरवाले मुर्ध्याचे आहेत. दशरथ मुर्ध्याचा आहे.' मग विचारलं, दशरथ मिठागरवाला आहे, हे अनुमान निघतं का? मागच्या बाकावर दशरथ नावाचा मुलगा खरंच बसला होता आणि खरंच मुर्धा गावचा होता. तो उठून म्हणाला, "पन सर, आमचा मिठागर हाय ना!"

"असेल बाबा. पण मुर्ध्याचे सगळेच मिठागरवाले, असं कुठे लिहिलंय? या दोन विधानांतून निघत नाही."

वर्ग खो खो हसला. सगळ्यांत जास्त हसल्या पहिल्या बाकावरच्या सुचेताबाई.

सुचेताबाई तेहतीस वर्षांच्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. विधवांना वयाची सवलत होती, म्हणून परीक्षेला बसता येत होतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम आटपून पाचच्या ठोक्याला त्या क्लासला हजर व्हायच्या.

दोन हजार सहा साली स्टेशनजवळ एसीवाला मोठा क्लास निघाला आणि सरांची मुलं एकेक करत तिकडे पळाली. दशरथसुद्धा गेला. उरल्या एकट्या सुचेताबाई. एका विद्यार्थिनीसाठी फळा कशाला, म्हणून सर समोरच्या बाकावर बसून शिकवू लागले. बाई डब्यात घावणे आणायच्या. सर आधी नको नको म्हणायचे आणि मग चार खायचे. हल्ली ते रोज दाढी करत होते.

रात्री घरी गेले की त्यांचं डोकं सुरू व्हायचं. विधान एक: एसीवाला क्लास बाईंच्या घराला जवळ पडतो, तरी त्या इथे येतात. विधान दोन: त्या डबा आणतात. यावरून काय निघतं? पेपरात अशा प्रश्नाला पाच पर्याय असतात, 'निश्चित सत्य'पासून 'निश्चित असत्य'पर्यंत, आणि मधला पर्याय 'माहिती अपुरी'. सर रोज मधल्यावर खूण करायचे आणि कूस बदलायचे. दुसरा कोणी असता तर सरळ विचारून मोकळा झाला असता. पण विचारून उत्तर 'नाही' आलं, तर पाच वाजताचं ते एक माणूसही जायचं, या भीतीने सरांची दातखीळ बसायची.

एका शुक्रवारी बाईंनी वही उघडलीच नाही. "सर, आज मी घालते प्रश्न."

"घाला की."

"एका बाईला बँकेत नोकरी लागली. चिपळूणला. पत्र येऊन महिना झाला. रुजू व्हायची तारीख तिने एकदा पुढे ढकलून घेतलीय. आणि पास झाली तरी ती रोज क्लासला येते." बाई बाकाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "अनुमान असं: कोणी थांब म्हणालं, तर ती थांबेल."

सरांना कळलं. पहिल्याच वाक्याला कळलं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय पुढे धावली.

"माहिती अपुरी," सर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "बरोबर. तुम्हीच शिकवलंत." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "येते, सर."

"हं," सर म्हणाले. हं! एवढा विद्वान माणूस, आणि त्याला एवढंच सुचावं.

शनिवार-रविवार क्लासला सुट्टी. दोन्ही दिवस सर घरात येरझाऱ्या घालत एकच वाक्य घोकत राहिले, सोमवारी पाच वाजता म्हणायचं म्हणून. सोमवारी पाच वाजले, साडेपाच झाले, दार कोणी ढकललं नाही. मग सरांनी बाईंचा प्रवेशाचा फॉर्म शोधला, पत्ता पाहिला आणि चप्पल घालून निघाले.

तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. चाहूल लागून समोरच्या शेजारणीने, हंसाबेननी, आपलं दार उघडलं.

"सुचेता? वो तो आज सुबह निकल गई, चिपळूण. रूम भी खाली कर दिया."

सरांनी वळून पुन्हा कुलपाकडे पाहिलं.

"सामान तो शुक्रवार को ही बांध लिया था," हंसाबेन म्हणाल्या. "मैं बोली, फिर जाती क्यों नहीं? तो बोली, दो दिन देखती हूँ, शायद कोई आएगा. दोनों दिन घर से बाहर नहीं निकली." त्यांनी सरांकडे निरखून पाहिलं. "वो आप थे क्या?"

"हां," सर म्हणाले. "मैं ही था."

"तो आए क्यों नहीं?"