सहावी निगेटिव्ह

विश्वंभर देवळेकरांनी नाकाच्या पाळीलगत बोट घासले आणि ते सावकाश निगेटिव्हच्या पाठीवरून फिरवले.

“काका, हे काय करताय?” राजेश्वरी स्टुलावरून अर्धी उठली.

“औषध लावतोय. ओरखड्यात नाकाचं तेल बसलं की प्रिंटमध्ये रेघ दिसत नाही. अलकापुरीच्या स्टुडिओत पस्तीस वर्षं दुकान माझ्या नाकावर चाललं. फिल्मच्या कंपनीनं एकदा माप मागवलं होतं नाकाचं.”

“मग?”

“पाठवलं. ते म्हणाले, एवढं ठेवायला गोदाम नाही.”

बाहेरून पद्माकाकूंचा आवाज आला, “त्यांचं अर्धंच खरं धर हं, बेटा.”

कुठले अर्धे, ते काकूंना चाळीस वर्षांच्या संसारातही उमगले नव्हते. गंमत अशी की नाकाच्या तेलाची गोष्ट खरी होती आणि तीच कोणाला पटत नसे.

स्टुडिओत रंगीत फोटो धुणारे यंत्र आले तेव्हा विश्वंभररावांना नारळ मिळाला. नारळासोबत त्यांनी फोटो मोठे करायचा जुना एनलार्जर मागून घेतला आणि छाणीच्या घरातल्या न्हाणीघरात बसवला. सकाळी दहापर्यंत तिथे आंघोळी, दहानंतर अंधार. शहरातल्या कुठल्याही लॅबने ‘प्रिंट होणार नाही’ म्हणून परत केलेली निगेटिव्ह शेवटी या न्हाणीघरात येई.

राजेश्वरीच्या सहा निगेटिव्ह अशाच आल्या होत्या. ती बँकेत नोकरी करी, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडे. घराण्याची गोष्ट तिला बारा फोटोंत सांगायची होती. पणजोबा गायकवाडी फौजेत, आजोबा फौजेत, वडील प्रतापसिंहराव मात्र कोयलीच्या रिफायनरीत फिटर. अकरा फोटो ठरले. बारावी जागा आईची, ती रिकामी.

“लग्नातला एकच फोटो होता, तो वाळवीनं साफ केला. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. आणि या सहांत ती असणार कशी? सहाही तिनंच काढलेत. बाबा नवी वर्दी घालून सायकलीपाशी उभे, आणि बटण दाबणारी आई.”

“म्हणजे तुझी आई, चिमणाबाई, फोटोग्राफर. अरे वा. पण या लाल कशानं झाल्या?”

“दसऱ्यानं.” ती हसली. “आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. तलवार थोरल्या काकांकडे गेलेली. मग बाबांनी पाटावर पाना मांडला, कॅमेरा मांडला, शेजारी या निगेटिव्ह. आईनं सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता. ते डाग तेवढे काढा, काका. बाबा स्वच्छ दिसले पाहिजेत. दोनचार ओरखडे राहिले तर चालेल.”

“पाच काढले सकाळीच. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. सहावीच्या वेळी कापूस संपला. आमच्या हिनं वाती वळायला नेला.”

“कापूस माझाच होता,” बाहेरून उत्तर आले.

विश्वंभरराव बोळ्यासाठी हाक मारणार, तोच ते थबकले. डागासकट प्रिंट कशी येते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. स्वच्छ करणे हा धंदा, पण कुतूहलाची खोड जन्माची. त्यांनी सहावी निगेटिव्ह तशीच एनलार्जरमध्ये सरकवली.

“बघू तर खरं. या कागदाला लाल रंग दिसत नाही. म्हणून तर आपण लाल दिव्यात बसलोय. कुंकवाच्या जागी कागद कोरा राहणार.”

प्रकाश पडला, विझला. कागद ट्रेमधल्या औषधात बुडाला. काकांनी ट्रेचा एक कोपरा उचलून हलकेच झुलवला. आधी सायकलीचे चाक आले, मग प्रतापसिंहरावांची टोपी, मिशी. छातीपासून गुडघ्यापर्यंत मात्र एक पांढरा लांबोळा डाग उमटला, लिंबाएवढा. तो कोरा नव्हता. त्यात बारीक रेषा होत्या, एकीत एक वळत गेलेल्या.

“बोट आहे,” काका पुटपुटले. “ओल्या बोटानं फिल्म मऊ पडली, रेषा बसल्या. आणि ही मधली आडवी कसली? ओरखडा म्हणावा तर मी आत्ताच…”

“तो ओरखडा नाही.” राजेश्वरी ट्रेवर इतकी वाकली की तिचा श्वास पाण्यावर उमटला. “विळीवर कैरी चिरताना आईची अनामिका कापली होती. ती चीर नीट भरलीच नाही. शाळेत जाताना मला टिकली लावायची ना, ती इथं खरखरीत लागायची.” तिने कपाळाला हात लावला.

तिने ट्रेवरून मान वर केली.

“काका, बाकीच्या पाचांवरही असेल ना?”

एरवी या माणसाजवळ उत्तरांचा तोटा नसे. आत्ताही दोनतीन तयार होती: बाकीच्यांवर नुसता फराटा होता, बाकीचं कुंकू सुकं होतं. म्हटले असते तर तिला पटलेही असते. विश्वंभररावांनी प्रिंट पक्की करणाऱ्या दुसऱ्या औषधात बुडवली, वेळ भरू दिली आणि मग खिडकीवरचे जाड कापड बाजूला केले. उजेड आत आला. कोनाड्यातली स्टीलची ताटली त्यांनी उचलली आणि तिच्यापुढे धरली. ताटलीत पाच बोळे होते, लाल.

“होतं,” ते म्हणाले. “पाचही बोटं पुसली मी. रेषा मला दिसल्या होत्या, पण मी त्या बघितल्या नाहीत.”

तिने ताटली आपल्या हातात घेतली. मग म्हणाली, “पुसा, असं मीच म्हणाले होते.”

पद्माकाकू चहा घेऊन दाराशी आल्या आणि दोघांची तोंडे बघून कप तसेच धरून उभ्या राहिल्या.

“सहावीवर पुन्हा नाक घासू का?” काकांनी विचारले. आवाजात थट्टा नव्हती. “पाठीवर ओरखडे आहेत थोडे.”

“नको. आता कोणाचंच बोट नको.”

काकांनी प्रिंट धुऊन दोरीवर, पद्माकाकूंच्या नऊवारीशेजारी, चिमट्यांनी टांगली. तिच्यावरून पाणी निथळत होते. राजेश्वरीने पर्समधून रुमाल काढला, पाचही बोळे त्यात घेतले आणि चारी टोके जुळवून गाठ मारली. गाठ मारताना एक बोळा अनामिकेला लागला आणि बोट लाल झाले. ते बोट तिने रुमालाला पुसले नाही. तसेच, इतर बोटांपासून जरा दूर धरून, ती डाव्या हाताने चहा प्यायली.