एडक्याच्या नावावर

एडक्यानं ढुशी मारली, असं सांगायचं ठरलं होतं. म्हसवडच्या रस्त्यावरून सरकारी दवाखान्यात येईस्तोवर आप्पासोनं जीपमध्ये थोरल्या बहिणीकडून, रंगुबाईकडून, ते तीनदा घोकून घेतलं. आणि तिनंही घोकलं! आता काय म्हणावं या बाईला? उभा जन्म मेंढरांमागं गेला, पण तिच्याकडं शिंग रोखायची एकाही एडक्याची टाप नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर पोलीस केस झाली असती, आणि आप्पासोचा पोरगा, तिचा भाचा मल्हार, नुकताच फौजेच्या भरतीत पास झाला होता. त्याचीच मोटारसायकल कळपात घुसून तिच्या अंगावर आली होती. रंगुबाईला पोटचं पोर नाही. मल्हारला तिनं खांद्यावर घेऊन रानोमाळ हिंडवलं होतं.

"कसं लागलं, आजी?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एडक्यानं मारलं," आप्पासोच बोलला.

"पाय मोडलाय. प्लास्टर घालू. आणखी कुठं दुखतंय?"

दुखत होतं की! डाव्या बरगडीखाली कळ येत होती, पोट घट्ट होत चाललं होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. रंगुबाईनं तोंड उघडलं तोच भावानं तिचा हात दाबला. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडं वळल्या.

"आप्पा, पोटात कायतरी झालंय रं. त्यास्नी सांगू दे."

"सोस की जरा, आक्का. पोटाचं काढलंस तर त्या खोदून इचारतील. तुझं काय ऱ्हायलंय आता? पोराचं सगळं आयुष्य पडलंय."

तुझं काय ऱ्हायलंय! रंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोडलेल्या पायाचीसुद्धा.

"डॉक्टरीणबाई!" तिनं असा आवाज टाकला की माळावरची मेंढरं माघारी फिरली असती. "एडका-बिडका काय न्हाई. मोटारसायकलनं उडवलंय मला. माझ्या भाच्यानं. पोटात लय दुखतंय, आन् मला जगायचं हाय!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "सोनोग्राफीला घ्या, लगेच! साताऱ्याला न्यायला गाडी तयार ठेवा." मग त्या आप्पासोवर कडाडल्या, "हे लपवलंत? आत रक्त सांडत असेल तर प्लास्टर घालून काय उपयोग होता? गेल्या असत्या या!"

आप्पासो बहिणीकडं बघत राहिला. "पोराचं वाटोळं केलंस, आक्का."

"मी केलं? आन् मी मेल्यावर भरतीत त्याचं दोन मार्क वाढणार हुतं व्हय?"

"गाडीचा वेग किती होता? कुणी सांगेल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जीपमागोमाग आलेला मल्हार दाराशी मान खाली घालून उभा होता. रंगुबाईनं त्याला हातानं खुणावलं.

"मल्हार, फुडं ये."

तो खाटेजवळ आला. "सत्तर असंल," असं कायसं पुटपुटला.

"त्यास्नी ऐकू आलं न्हाई. भरतीच्या मैदानात छाती काढून उभा ऱ्हायलास न्हवं? तशीच काढ, आन् मोठ्यानं सांग."

मल्हारनं डोळे पुसले. मग ताठ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सत्तरचा स्पीड हुता. मी मोबाईल बघत हुतो. आत्याला मीच उडवलंय."