रातांब्यासारखी कॉफी

दाजी गावड्यांनी कॉफी लावली ती मुळात गावाला खिजवायला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सावंतवाडीहून आंबोलीच्या अंगाला निघालं की डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं वडगाळू गाव लागतं. तिथे जो तो काजू लावत होता, म्हणजे दाजींनी काजू लावायचा प्रश्नच नव्हता. अठ्ठ्याण्णव साली ते भाच्याच्या टेम्पोतून चिकमगळूरला जाऊन आले आणि तिथले कॉफीवाल्यांचे दुमजली बंगले बघून त्यांचं डोकं फिरलं. पुढच्या पावसाळ्यात घरामागच्या उतारावर, फणसांच्या सावलीत, कॉफीची दोनशे रोपं उभी राहिली.

तो उतार त्यांच्या बायकोने, चंद्रावतीने, काजूच्या कलमांसाठी राखून ठेवला होता. तिने आदळआपट केली नाही. कोयता आणून ओटीवरच्या खुंटीला अडकवला आणि अट घातली.

"चवथ्या वर्साक भायरच्या कोणीतरी बरा म्हणूक होया. तुमी नाय, तुमचो भाचो नाय. भायरच्या माणसान. नायतर ह्यो कोयतो नि ती झाडां."

"आणि बरा म्हटल्यानी तर?"

"तर मी गप ऱ्हवतलंय."

चंद्रावती गप्प राहील या कल्पनेनेच दाजी हुरळले आणि त्यांनी अट मान्य केली.

झाडं चांगली वाढली, भाव मात्र वाढला नाही. दाजी सावंतवाडीच्या बाजारात गेले की पेपर मागून घ्यायचे आणि कॉफीची बातमी शोधायचे. दरवेळी बातमी एकच, की व्हिएतनामात कॉफी उदंड झाली आणि जगभर भाव कोसळले. व्हिएतनाम हा देश दाजींना आपला सख्खा चुलतभाऊ वाटायला लागला, रोज थोडा थोडा बांध कोरणारा. ओटीवर बसून ते त्याला शिव्या घालत. चंद्रावती आतून विचारायची, "कोणाक गाळी घालतास?" दाजी म्हणायचे, "तुझ्या ओळखीचो नाय."

दोन हजार तीनच्या जानेवारीत पहिलं भरघोस पीक आलं. झाडं लालभडक फळांनी वाकली आणि दाजींची मान ताठ झाली. कणकवलीचे शेती अधिकारी परब यांनी कळवलं, की चिकमगळूरचे रुद्रेगौडा नावाचे मोठे बागायतदार या बाजूला येणार आहेत, त्यांना तुमची कॉफी दाखवू. दाजींनी भाच्याला बोलावून चार टोपल्या फळं तोडून घेतली. नेमकं त्याच आठवड्यात विजयदुर्गला दिलेल्या मुलीच्या, दिव्याच्या, नव्या घराची पूजा आली. गाय नुकतीच व्यालेली, म्हणून चंद्रावती घरी राहिली आणि दाजी एकटे निघाले.

निघताना त्यांनी ऐटीत सांगितलं, "ह्या काय मोठा शास्त्र नाय. रातांब्यांका करतंस तसाच ह्यांका कर. फोड नि सुकत घाल."

"माका शिकवू नकात," चंद्रावती म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, बाबतीत तिला शिकवणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता. कोकणातल्या बाईला लाल फळ दिलं की पुढचं तिचे हात करतात.

विजयदुर्गात दाजींनी पूजेला आलेल्या प्रत्येकाला कॉफीविषयी ऐकवलं. चार दिवसांनी सकाळी परत आले ते गाणं गुणगुणत. पाहुणे दुपारी यायचे होते. घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकलं आणि गाणं तिथेच थांबलं.

खळ्यात ओळीने चटया पसरल्या होत्या. चटयांवर कॉफीच्या साली सुकत होत्या, मीठ लावलेल्या, रसाची तीन पुटं दिलेल्या, आमसुलांसारख्या काळपट लाल. बी एकही दिसत नव्हतं.

"बियो खंय आसत?" दाजींचा आवाज चिरकला.

"अर्ध्यो राखेत घोळवलंय, कांडलंय, रातांब्याच्या बियांसारख्यो तेलासाठी उकळलंय," चंद्रावती म्हणाली. "दोन दीस चुलीवर ठेवलंय. तेलाचो एक थेंब येवक नाय. उरलेल्यो गायरेत टाकलंय."

गायरेत म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात.

"अगो, कॉफी बियांची असता! सालीची नाय!"

"मगे तसा सांगूचा होता. रातांब्यासारख्या कर, असा तुमीच म्हटलात."

खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं. चार वर्षं त्यांनी त्या झाडांना उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं होतं. गावाला खिजवायला लावलेली झाडं केव्हा लळा लावून बसली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आणि आता पाहुण्यांना दाखवायला वाळवलेलं मूठभर बीसुद्धा शिल्लक नव्हतं.

दुपारी जीप आली. रुद्रेगौडा बेळगावात शिकलेले, त्यामुळे मराठी बरं बोलायचे. दाजींनी त्यांना थेट उतारावर नेलं. निदान झाडं तरी बघतील, आणि घाईघाईत 'बरं' म्हणून जातील, असा त्यांचा हिशेब होता. चंद्रावती मागोमाग आलीच. कोयता तिच्या हातात होता.

गौडांनी दोन-चार फांद्या वाकवून बघितल्या.

"झाडं निरोगी आहेत," गौडा म्हणाले, "पण काका, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे यंदा कितीतरी जणांनी फळं झाडावरच सोडली. भाव इतका पडलाय की तोडणीची मजुरीही सुटत नाही. आम्ही पिढीजात कॉफीवाले, आम्ही रडतोय. तुम्ही दोनशे झाडांत काय करणार? काजू लावा."

परब खाली बघू लागले. चंद्रावतीने दाजींकडे बघितलं आणि चक्क हसली. "उन्हातून इलात," ती पाहुण्यांना म्हणाली, "वायच सरबत घेवा. मगे मी माझ्या कामाक लागतंय."

ओटीवर पितळी पेल्यांतून सरबत आलं. दाजींनी पेल्याला हात लावला नाही. गौडांनी एक घोट घेतला, थांबले, पेला उंच धरून रंग पाहिला आणि उरलेलं एका दमात संपवलं.

"काकी, आणखी मिळेल का?"

दुसरा पेला संपला. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, "हे कोकम नाही. फारच छान आहे. कसलं फळ?"

दाजींच्या तोंडात उत्तर तयार होतं, पण ते प्रथमच शहाण्यासारखे गप्प बसले. आपण बोललो की बायको नुसत्या हट्टापायी 'कोकमच ता' म्हणेल, हे चाळीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवलं होतं. चंद्रावती अडचणीत सापडली होती. खोटं बोलली तर तिच्या सरबताचं कौतुक कोकमाच्या खात्यात जाणार. खरं बोलली तर कोयता खुंटीला. तिने पदर सारखा केला, पेले उगाच इकडचे तिकडे केले. दाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढ्या आशेने त्यांनी तिला लग्नाच्या मांडवातसुद्धा बघितलं नसेल.

"कॉफयेच्यो साली त्यो," चंद्रावती शेवटी म्हणाली. "पण मीठ, पुटां, जिरा, सगळा माझा."

गौडा खो खो हसत सुटले. "आम्ही या साली खड्ड्यात टाकतो आणि वास मारतात म्हणून नाक धरून पळतो! काकी, भाव पडलाय तो आमच्या बियांचा. याचा भाव अजून कोणी ठरवलेलाच नाही. मला चार किलो साली बांधून द्या, घरी दाखवतो."

"भायरच्या माणसान बरा म्हटल्यान," चंद्रावती कोणाकडेच न बघता म्हणाली. "ऱ्हवांदेत झाडां."

दाजींना तिथेच नाचावंसं वाटलं. ते मात्र मोठ्या संयमाने म्हणाले, "आणि बियो?"

"त्यो तुमका. माझ्या काय कामाच्यो?"

परबांनी फाइल उघडली. "काकी, मला अहवाल द्यावा लागतो. कॉफीचा प्रयोग यशस्वी लिहू की अयशस्वी?"

"लिवा," चंद्रावती म्हणाली, "झाडां पास, घोव नापास."

परबांनी हसू दाबत काहीतरी खरडलं आणि खाली शेतकऱ्याची सही लागते म्हणाले. दाजींनी काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. पेन ओढून घेतलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली.