तिने भरलेला तंगूस

जावयांचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र दोनच पानांचं होतं. आमचं दोघांचं फोनवर कधी जमलं नाही. ते फोन करतात, मी उचलतो, "बरे आहात ना?" "हो, तुम्ही?" एवढं झालं की मी फोन बायकोच्या हातात देतो आणि सुटल्यासारखा खुर्चीत बसतो. त्यांनाही सुटल्यासारखंच वाटत असावं. म्हणून त्यांनी लिहिलं. आमची मुलगी जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. तीन महिन्यांचं दुखणं होतं. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

पत्रात इकडचं तिकडचं बरंच होतं, पण विचारलं होतं ते एवढंच: "बाबा, तिची मासे धरायची काठी घरात आहे. रिळावरचा तंगूस तिनेच भरलेला, टोकाची गाठही तिनेच मारलेली. मला शिकायचं आहे. रविवारी घरात बसवत नाही, तलावावर गेलो तर हाताला काहीतरी काम राहील. पण सगळे म्हणतात, तंगूस जुना झाला, तो कापून नवा भरावा लागेल. तुम्हाला विचारल्याशिवाय कात्री लावायला हात होत नाही. आईंना विचारणार होतो, पण त्या रडतील. तुम्ही सांगाल तसं करीन."

याला एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर मत द्यायचं नाही, ही माझी जुनी खोड. एकतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिली. कोणी काही विचारलं की मी त्याला कपाट दाखवत असे, उत्तर देत नसे. म्हटलं, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा एवढंच माहीत आहे, आधी त्याबद्दल नीट वाचू. खरंच जुना होतो का, किती दिवसांत होतो, वाचवता येतो का. आठवड्याभरात लिहू.

पहिल्या पुस्तकात सगळे मासे वाहत्या नदीतले निघाले. दुसऱ्यात तंगुसावर दीड पान होतं, ते मी चारदा वाचलं. तोवर महिना गेला. मग उशीर का झाला तेही लिहावं लागणार होतं. ते लिहायला घेतलं की मला घाम फुटे. बायकोने एकदा विचारलं, "जावयांना उत्तर टाकलंत ना हो?" मी "टाकलं" म्हणालो. एकदा तसं म्हटल्यावर तर पत्र काढून बघायचीही चोरी झाली.

मुलगी असती तर हसली असती. काठी तिने स्वतः शिकून घेतली होती, लग्नानंतर. शनिवारी रात्री तिचा फोन यायचा, "बाबा, चला ना एकदा. बास मासा काय जोरात झटका देतो, बघा तरी." मी म्हणायचो, "येतो, आधी थोडं वाचतो." त्यावर ती आईला ओरडून सांगायची, "आई, हे पोहायलाही पुस्तकातूनच शिकले. अजून कोरडे आहेत!"

गेलो नाही. ती सहा वर्षं बोलवत होती.

गेल्या आठवड्यात बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "रविवारी काय करता म्हणून विचारलं, तर म्हणाले झोपतो. काठी अजून तशीच कोपऱ्यात आहे म्हणे. मी म्हटलं घ्या की ती, तर गप्पच बसले."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते तसंच धरून बसलो. मला वाटत होतं, त्यांनी माझी वाट बघणं कधीच सोडलं असेल, कापून मोकळे झाले असतील. हा माणूस चौदा महिने माझ्या एका शब्दासाठी थांबला होता आणि थांबलोय असं म्हणतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. सायकल दुरुस्ती आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधली ती चिंचोळी जागा मी कित्येक वर्षं येता-जाता बघत होतो. आत पन्नाशीच्या बाई दाताने कसलीशी गाठ सोडवत बसल्या होत्या.

"काय हवंय काका?"

"मी नवीन आहे," मी म्हणालो.

"या जगात?"

"मासे धरण्यात."

"मग ठीक आहे." त्यांनी तोंडातला दोरा काढला. "कुठला मासा?"

"बास. तलावातला."

"मग स्पिनिंगचं रीळच घ्या. दुसऱ्या प्रकारच्या रिळात नवख्या माणसाच्या हातून पहिल्याच दिवशी तंगुसाचा गुंता होऊन घरटं होतं. मग लोक घरटं घेऊन येतात आणि मला शिव्या घालतात." त्यांनी भिंतीवरची एक काठी काढून माझ्या हातात दिली. "साडेसहा फुटी, मध्यम. हलवून बघा. टोक वाकलं पाहिजे, कंबर ताठ राहिली पाहिजे. तुमचं उलटं दिसतंय."

मी कंबर सरळ करायचा प्रयत्न केला. काठी फारच हलकी होती. मला वाटलं, एवढ्याशा वजनासाठी मी सहा वर्षं घाबरत होतो.

मग रीळ. ते काठीच्या खाली लटकतं. बाईंनी त्याची तारेची कमान उघडून मिटून दाखवली. "फेकताना उघडायची, पाण्यात पडलं की हाताने मिटायची. रिळाची मूठ फिरवून मिटवू नका. सगळे तेच करतात आणि तंगुसाला पीळ पडतो." मग तीन वेगवेगळे तंगूस काचेवर मांडले. एक विणलेला, दोऱ्यासारखा, बारीक आणि फार मजबूत, पण रिळाच्या गुळगुळीत फिरकीवर नुसताच गरगरतो. दुसरा पाण्यात दिसत नाही, पण ताठ आहे, नवख्याचं ऐकत नाही. तिसरा साधा. "हा घ्या. आठ पौंडी. थोडा ताणला जातो, तुमच्या चुका पोटात घालतो. गाठ मारलीत की ओढण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर जळते."

मी मान हलवत राहिलो. विचारायचं ते राहूनच जात होतं. बाई सामान कागदात बांधायला लागल्या तेव्हा म्हणालो, "समजा, एखाद्या रिळावर जुना तंगूस असला. अडीच वर्षांचा. तर तो ठेवता येतो का?"

"कशाला ठेवायचा?"

"घरातल्या माणसाने भरलेला आहे."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. खणातून एक जुनं रीळ काढून त्याचं टोक ओढलं. तंगूस वेटोळी घेत, स्प्रिंगसारखा बाहेर आला. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. तो तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"वरचा असा होतो. ऊन, पाणी, घासणं. तळाशी जो असतो ना, त्याला काही लागलेलं नसतं. पुष्कळ लोक वरचा काढतात, तळचा राहू देतात आणि नवा त्यालाच जोडतात. फिरकी भरायला तंगूसही कमी लागतो." मग म्हणाल्या, "पण जोड तो जोड. मोठा मासा लागला आणि लांब पळाला, की सगळा भार त्या गाठीवर येतो. तिथे तुटला तर मासाही जातो आणि तंगूसही."

मी तेवढं शेवटचं ऐकलंच नाही म्हणा ना. तळचा ठेवता येतो! घरी येताना मी दोनदा रस्ता चुकलो. चौदा महिने पुस्तकांत जे सापडलं नाही ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. ती गाठ कशी मारायची ते त्यांनी कागदावर काढूनही दिलं होतं. वेटोळी दोन्हीकडून, टोकं मधून. जावयांना तसंच चित्र काढून पाठवायचं असं मी ठरवलं.

बायको खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. मी टेबलावर काठी ठेवली, तंगुसाचे दोन तुकडे घेतले आणि जोडायला बसलो. चौथ्यांदाही गाठ सुटली.

"हे काय नवीन?" ती म्हणाली. "या वयात मासे? स्वतःची चप्पल सापडत नाही तुम्हाला."

"जावयांना कळवायचंय."

"काय?"

"त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर."

"ते तर तुम्ही मागेच टाकलंत ना?"

मी सुटलेली गाठ पुन्हा घालायला घेतली.

"अहो, मी काय विचारतेय?"

"नाही टाकलं."

तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. मी कपाटातून पत्र काढून तिला दिलं. तिने ते खिडकीजवळ धरून वाचलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"मला नाही विचारलं, मी रडेन म्हणून," ती म्हणाली. "आणि तुम्हाला विचारलं, तर तुम्ही वाचत बसलात. धन्य आहे."

"अगं, पण आता उपाय मिळालाय." मी घाईघाईने तिला सगळं सांगितलं. वरचा कापायचा, तळचा ठेवायचा, ही अशी गाठ. पाचव्यांदा गाठ बसली होती, ती मी ओढूनही दाखवली. "तिने भरलेला अर्धा तरी तसाच राहील."

ती गाठीकडे बघत होती. "त्यांनी काय विचारलंय? ठेवू का, असं विचारलंय?"

"नाही. कापू का, असं."

"मग?"

मी गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"तुम्ही अर्धा ठेवा म्हणालात तर ते ठेवतील. सरळ माणूस आहे, तुमच्या शब्दाबाहेर जायचा नाही. फेकताना दर वेळी त्यांचा जीव त्या गाठीत अडकेल. लांब फेकणारसुद्धा नाहीत. हे काय मासे धरणं झालं? छत्तीस वर्षांचा आहे हो तो. रविवारी झोपून राहतो." तिने पत्राची घडी घातली. "तो अर्धा तुम्हाला ठेवायचाय. त्यांच्या गळ्यात कशाला घालता?"

"तुला नाही ठेवायचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मला सगळाच ठेवायचाय," ती म्हणाली आणि उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

मी कागद घेतला. पहिल्या मसुद्यात तंगुसाचे तीन प्रकार आले, दोन पुस्तकांची नावं आली, उशिराची कारणं दीड पान आली. तो फाडला. दुसरा बरा होता, पण त्यात एक वाक्य मी शेवटी घातलं होतं: "काढलेला तंगूस टाकू नये, आमच्याकडे पाठवावा." ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे वाचून ते कात्री चालवणार नाहीत. एकेक वेटोळं सांभाळून काढतील, कागदाच्या नळीवर गुंडाळतील, डब्यात घालून टपालाने पाठवतील, आणि आम्ही इथे तो डबा उघडून बसू. तोही फाडला.

तिसरं पत्र असं झालं:

"जावईबापू, उत्तराला उशीर झाला. चूक माझी आहे, तिला दुसरं कारण नाही. तंगूस कापा. सगळा काढा, फिरकी तळापर्यंत मोकळी करा. नवा साधा, आठ पौंडी भरा. काठोकाठ भरू नका, कडेपासून थोडी जागा सोडा. कमान हाताने मिटा. गाठ ओली करून ओढा. काढलेल्या तंगुसाचे बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. सबंध टाकला तर पक्ष्यांच्या पायांत अडकतो. आईंना सांगितलं आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे. मी एक काठी घेतली आहे. मला काहीच येत नाही."

बायकोने उभ्या उभ्या वाचलं. डोळे लाल होते. "बारीक तुकडे," ती एवढंच म्हणाली. मला वाटलं हे वाक्य काढायला सांगेल. तिने पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं.

टपाल कार्यालयात खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "आजच निघेल का?"

"साडेचारच्या गाडीने जाईल. टाका पेटीत."

मी टाकलं. तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. चाळीस मिनिटांत मी काय करीन ते मला माहीत होतं. खिडकीशी जाईन, पत्त्यात चूक झाली म्हणेन, पाकीट परत मागेन. म्हणून समोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. साडेचारला टपालाची गाडी आली. एकाने पेटी उघडून पत्रं थैलीत ओतली, थैलीचं तोंड आवळलं आणि ती मागच्या दारातून आत फेकली. दार लागलं. गाडी वळेपर्यंत मी बसून राहिलो.