चांदीचं गिऱ्हाईक

"आपलीच वस्तू पैशे देऊन घेणारी बाई पैल्यांदाच बघायलोय मी, अक्का," रिक्षातून उतरता उतरता चनबसप्पा म्हणाला.

शिवलीलानं रिक्षाचं भाडं दिलं आणि सराफ कट्ट्यावरच्या गुरुलिंगच्या दुकानाची पायरी चढली. धाकटा भाऊ दुधनीहून सकाळच्या गाडीनं आला होता. तिनं त्याला बोलावलं नव्हतं. तिला मूलबाळ नाही, तेव्हा तिच्या पैशाची काळजी आपणच करायची, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पूनम आधीच येऊन बसली होती. मांडीवर रेक्झिनची जाड पिशवी. तिनं शिवलीलाकडं एकदा बघितलं आणि मान वळवली.

संगप्पानं शिवलीलाला टाकून पूनमबरोबर घर मांडलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. काडीमोड झालाच नाही. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचा, शिवलीला खासगी दवाखान्यात नर्स होती. एकाच गावात राहून दोघं एकमेकांना चुकवत राहिले. गेल्या थंडीत संगप्पा वारला, तेही शिवलीलाला दवाखान्यातल्या एका आयाकडून कळलं.

आणि गेल्या आठवड्यात पूनम तिच्या दारात उभी राहिली होती. संगप्पानं दर दिवाळीच्या बोनसमधून चांदीची नाणी घेतली होती. पूनमला ती मोडून टेंभुर्णीला भावाच्या खानावळीत पैसे घालायचे होते. पण पावत्या संगप्पाच्या नावानं. गुरुलिंग दोन्ही घरं ओळखून होता. कागदावरच्या बायकोला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं.

"सही तरी द्या, न्हायतर तुमीच घ्या," पूनम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली होती. "घ्यायची तर समदी घ्या. निवडून न्हाय द्यायची मी."

शिवलीलानं तिला पाणीही विचारलं नव्हतं. पण रात्रभर तिला झोप लागली नाही. निवृत्त होताना मिळालेली रक्कम बँकेत पडून होती आणि तिच्या मनात आधीपासून चांदीच घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं गुरुलिंगला विचारलं.

"सिस्टर, नवीन नाणी घेतला तर वर मजुरी आली, टॅक्स आला," तो म्हणाला होता. "तिच्याकडनं मोडीत मी घेतलो तर घट कापणार. तुमी दोघीच मोडीच्या भावाच्या जरा वर व्यवहार केला तर दोघींचं बी बरं हुतंय. मी फकस्त वजन करून देतो."

हिशेब सरळ होता. अडचण होती ती समोर बसलेल्या बाईची.

"भाव दोनदा पडलाय ह्या म्हैन्यात," चनबसप्पा खुर्ची ओढत म्हणाला. "उद्या अजून पडला तर?"

"पडला तर पडला. मला उद्या विकायची न्हाई."

"पर घ्यायचीच कशाला म्हणतो मी? लग्नाची बायको तू हाईस. वकिलाला विचारून आलोय. हे सगळं तुझंच हाय. एक कागद टाकला की झालं." मग तो पूनमकडं वळला. "हिला तर हे विकायचा हक्कच न्हाई."

पूनमनं पिशवी पोटाशी ओढली. "हक्क? सात म्हैने अंथरुनात हुतं ते. गू-मूत मी काडलं. तवा कुटं गेलता तुमचा हक्क? ह्या तर नर्स की. जगाचं केलं ह्यांनी."

गुरुलिंग तराजूवरची न दिसणारी धूळ पुसू लागला.

"मला बोलावलं न्हाईस तू," शिवलीला म्हणाली.

"बोलावलं आसतं तर आला आसता?"

शिवलीलानं विचार केला. खोटं बोलायला जागा होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग झालं की."

"झालं. ओत ती नाणी."

"अक्का, येडी झालीस काय तू?" चनबसप्पा उठून उभा राहिला. "फुकट मिळायलंय ते सोडून..."

"फुकट न्हाई रे ते." तिचा आवाज चढला नाही. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढताना असायचा तसाच होता. "हक्कानं घेतलं तर त्याची बायको म्हणून घ्यावं लागतंय. त्याच्या घरात मला एक पैंजण मिळालं न्हाई, घरभाडं माझ्या पगारातनं जायचं. आता त्याची बायको म्हणून हात पसरू व्हय? पैशे टाकले की मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कुनाचं नाव लावावं लागत न्हाई."

"आन उद्या म्हातारपनी कोन बघणार तुला?"

"तू तर न्हाईच. बस खाली, न्हायतर जा."

तो बसला नाही. चप्पल घालून पायरीवर जाऊन उभा राहिला, रस्त्याकडं तोंड करून.

पूनमनं पिशवी पालथी केली. लक्ष्मीचं चित्र असलेली नाणी, काही प्लास्टिकच्या पाकिटात, काही सुटी, काळवंडलेली. गुरुलिंगनं दोनचार नाण्यांचा कस बघितला, मग सगळी मोजली. पुन्हा मोजली. पावत्या चाळल्या.

"एक कमी भरतंय," तो म्हणाला.

"तितकीच हायत," पूनम म्हणाली.

चनबसप्पा लगेच आत आला. "झडती घ्या तिची. मी सांगितलो नव्हतो?"

शिवलीलानं पूनमकडं पाहिलं. पूनमचा उजवा हात टेबलावर होता. डावा पदराखाली, मूठ आवळलेली. पदराच्या काठातून दिसणारी बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती शिवलीलाकडं टक लावून बघत होती, उलट बोलायच्या तयारीत.

"वजन किती भरलं?" शिवलीलानं गुरुलिंगला विचारलं.

त्यानं सांगितलं.

"मग तेवढ्याचंच लिवा. मी वजनावर घेतेय, मोजून न्हाई."

तिनं चेक लिहिला. त्यात तिची बहुतेक सगळी पुंजी गेली. पूनमनं तो उजेडाला धरून बघितला.

"वटंल न्हवं?"

"परक्याचं ठेवून घ्यायची सवय मला न्हाई," शिवलीला म्हणाली. "ती तुझी."

पूनमचा चेहरा लाल झाला. तिनं पावतीवर उजव्या हातानं सही केली. कागद सरकत होता, तरी दुसरा हात तिनं लावला नाही. रिकामी पिशवी काखेत मारली आणि "येते" वगैरे काही न म्हणता निघून गेली. पाठोपाठ चनबसप्पाही गेला. दुधनीला लवकर पोचायचंय म्हणाला.

गुरुलिंगनं नाणी कापडी पिशवीत भरून तोंड आवळलं. "जड हाय सिस्टर. कुनाला तरी सोबत देऊ बँकेच्या लॉकरपतोर?"

"नको. मानसं उचललीत मी."

पिशवी कमरेशी धरून ती पायरीवर आली. ऊन डोक्यावर होतं. समोर रस्त्यापलीकडं पूनम शेअर रिक्षा थांबवायला उभी होती. रिक्षा आली तशी ती भाड्यासाठी पर्स उघडायला लागली. चेन अडकली होती. तिनं पर्स हनुवटीखाली दाबून धरली आणि एकाच हातानं चेन ओढू लागली. रिक्षावाला काहीतरी ओरडला. पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं कोपरानं वर सारला. डाव्या हाताची मूठ काही तिनं सोडली नाही.

रिक्षा निघून जाईपर्यंत शिवलीला तिथंच उभी राहिली. मग पिशवी दुसऱ्या कमरेवर घेऊन ती बँकेच्या दिशेनं चालू लागली.