रस्त्यापलीकडचं टेबल

विश्लेषकांच्या अदलाबदलीच्या विधेयकाचा मसुदा खात्यात आला, तेव्हा सगळ्यात आधी भडकले ते तात्या. तात्या म्हणजे परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं. विधेयक म्हणत होतं, प्रत्येक विश्लेषकाने दोन वर्षं दुसऱ्या यंत्रणेच्या कार्यालयात बसून काम करायचं, त्याशिवाय बढती नाही. तात्यांनी लगेच लेखी विरोध पाठवला. आपलं माणूस शेजारच्या स्वयंपाकघरात पाठवलं की आपल्या घरातलं सगळं तिकडे कळतं, हे त्यांचं ठाम मत.

शेजार म्हणजे रस्त्यापलीकडची सीमा सुरक्षेची इमारत. दोन्हीकडच्या खिडक्या अगदी समोरासमोर, पण इकडचा कागद तिकडे पोचायला एकोणीस दिवस लागत. एवढ्या वेळात माणूस चालत परदेशी पोचला असता.

कायद्याआधी सहा महिने प्रयोग करून बघायचं ठरलं आणि तात्यांनी आपल्या विश्लेषक चाळणीबाईंना पलीकडे पाठवलं. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलेलं. त्यांच्या हातून गेलेल्या अहवालात खडा सापडत नसे, म्हणून चाळणीबाई. ही बाई तिकडचं सगळं बघून येईल आणि ताकाला तूर लागू देणार नाही, असा तात्यांचा डाव होता.

पाचव्या महिन्यात एका दुपारी बाई रस्ता ओलांडून आल्या आणि तात्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं.

“तात्या, तो पंपवाला निर्दोष आहे.”

पंपवाला म्हणजे जहाजांचे पंप विकणारा व्यापारी. चार वर्षांपूर्वी बाईंनी लिहिलं होतं की हा तस्करांचा निरोप्या असावा. नुसता अंदाज होता तो. पण पुढे पलीकडून अहवाल आला, ‘विश्वसनीय सूत्रांनुसार हा तस्करांचा निरोप्या आहे’. बाईंनी तो दुजोरा धरला, तात्यांनी सही केली आणि पंपवाल्याचा पासपोर्ट जप्त झाला. त्याची लेक परदेशात होती.

“ते विश्वसनीय सूत्र मीच,” बाई म्हणाल्या. “त्यांनी आपलाच अहवाल उतरवून घेतला होता. नियमाप्रमाणे सूत्राचं नाव झाकलं, म्हणून आपल्याला कळलं नाही. आडात ओरडावं आणि आतून उत्तर आलं म्हणून खूष व्हावं, तसं झालं. आता त्यांच्या टेबलाशी बसले, तर मूळ फाइल हातात आली. दुसरा पुरावा काहीच नाही हो त्यात.”

तात्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

“परवा विधेयकाच्या समितीपुढे माझी साक्ष आहे,” बाई म्हणाल्या. “सांगणार आहे मी.”

“बाई, माझ्यानंतर माझ्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय.”

“माहीत आहे.”

आणि माझी सही? हे तात्यांच्या ओठावर आलं होतं, पण विचारायची हिंमत झाली नाही. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. “निवृत्त व्हायचंय की फासावर जायचंय?” बायकोने विचारलंसुद्धा.

समितीचा कल अदलाबदल ऐच्छिक करण्याकडे होता, म्हणजे कोणीच जाणार नव्हतं. बाई हातात कागद न घेता पंधरा मिनिटं बोलल्या. आवाज चढला नाही, सबब एकही सांगितली नाही. आपली चूक त्यांनी परक्याची फाइल वाचावी तशी उलगडून दाखवली. मागच्या खुर्चीवर तात्यांना बाईंचा अभिमान वाटला, आणि तेवढीच स्वतःची लाजही वाटली.

“अहवाल तपासला कोणी?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“चूक वाक्यात होती, आणि वाक्य माझं होतं,” चाळणीबाई म्हणाल्या. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

तात्या गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. चार महिने, निरोप समारंभ, पेन्शन. ते उठून उभे राहिले.

“मी तपासला. म्हणजे तपासला नाही, नुसती सही केली.”

“तुमचा तर या विधेयकाला लेखी विरोध आहे.”

“होता. तो मागे घेतो. तीस वर्षं मी समोरच्या खिडक्या बघत बसलो. या बाई रस्ता ओलांडून गेल्या म्हणून कळलं तरी. सक्ती करा. आपण होऊन कोणी जाणार नाही, मी गेलो नाही.”

अध्यक्षबाईंनी मसुद्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलेला ‘ऐच्छिक’ शब्द खोडला. मग चष्मा काढून विचारलं, “त्या माणसाला हे कोणी सांगितलंय का?”

अशा माणसांना काही कळवायची पद्धतच नव्हती.

“तुमची परवानगी असेल तर आत्ता जाऊन सांगतो,” तात्या म्हणाले. “चार वर्षं पाळत ठेवलीय, पत्ता पाठ आहे.”

चाळणीबाईंनी पर्स उचलली. “थांबा, मीही येते,” त्या म्हणाल्या.